काडतुसाच्या पुंगळीचें द्रव्य व बंदुकीचा भरंवसा

१. प्रस्तावना

परभणी तालुक्यांतील झरी येथें जुन्या कागदांचा शोध करीत असतां एका गृहस्थांनीं कागदांचा एक रुमाल मजपुढें ठेविला. त्यांत वतनाच्या पावत्या, दोन-तीन मोडी यादी व फडक्यांत बांधलेली एक रिकामी पितळी पुंगळी होती. कागदांपेक्षां त्या पुंगळीचेंच मोल त्यांस अधिक होतें. १९४८ सालच्या धामधुमींत त्यांच्या आजोबांवर एका रझाकारानें बंदूक रोखली. बंदूक आपोआप भरणारी होती. पहिला बार हुकला, पुंगळी फाटून आंतच अडली, दुसरा बार निघाला नाहीं आणि आजोबा वांचले, अशी ह्या घराण्यांत चालत आलेली हकीकत आहे. पुंगळीच्या गळ्याशीं उभी चीर आहे, ही त्या हकीकतीची साक्ष असें ते मानीत. आणि ती मंडळाच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध व्हावी, अशी त्यांची इच्छा होती.

कागदाचा अस्सलपणा कसा पाहावा, हें आपण जाणतों. शाई, वळण, शिक्का, मिति यांचा मेळ घालून निर्णय करितों. परंतु पुंगळीसारखी वस्तु पुढें आली कीं आपण तिजबरोबर आलेली कथाच तेवढी ऐकतों. वस्तु काय सांगते तें पाहत नाहीं. ह्या उणिवेकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें व प्रस्तुत पुंगळीचाही निर्णय करावा, ह्या दुहेरी हेतूनें हें टिपण लिहिलें आहे.

२. शब्दविचार

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तूशु’ ह्यापासून आपल्याकडे आला. ‘तोटा’ हा दुसरा शब्द. खाणींत सुरुंग लावणारे लोक तो अद्यापि वापरितात. काडतुसाचीं अंगें चार : पुढें गोळी, मागें ठिणगी पाडणारी टोपी, मध्यें दारू, आणि ह्या तिहींस एकत्र धरणारा कोश. बार उडाल्यावर जो रिकामा कोश उरतो तीच पुंगळी. बंदुकीच्या नळीच्या मागील अंगास काडतूस ज्या पोकळींत बसतें तीस येथें कोठी म्हटलें आहे.

पितळ आपणांस नवें नाहीं. अमरकोशांत ‘रीति’ व ‘आरकूट’ हीं त्याचीं नांवें आहेत. रसरत्नसमुच्चयकारानें पितळाच्या दोन जाति सांगितल्या असून, तापवून कांजींत टाकिलें असतां जें तांबूस दिसतें तें रीतिका व जें काळें पडतें तें काकतुंडी, अशी परीक्षा दिली आहे. तांबें व जस्त यांच्या प्रमाणानें पितळाचा स्वभाव पालटतो, ही जाण त्या परीक्षेच्या मुळाशीं आहे. काडतुसाचें पितळही असेंच ठराविक प्रमाणाचें असतें : शंभर भागांत सुमारें ७० तांबें व ३० जस्त.

३. कोशाचें पूर्ववृत्त

तोड्याच्या बंदुकीस कोश नव्हता. दारू, गोळी व रंजक हीं वेगवेगळीं जवळ बाळगावीं लागत, आणि भरणें हें शिपायाच्या हातचलाखीवर अवलंबून असे. युरोपीय पद्धतीच्या कवाइती पलटणी आपल्याकडे उभ्या राहिल्या तेव्हां मापून घातलेल्या दारूचें कागदी काडतूस प्रचारांत आलें. त्यानें वेळ वांचला. पण कागद पावसानें भिजे, आणि त्याचें काम नळींत दारू ओतली कीं संपे.

१८५७ सालीं ज्यावरून एवढा अनर्थ उसळला तें एन्फील्ड रायफलीचें काडतूसही कागदीच होतें. गोळी नळींत सुलभपणें उतरावी म्हणून त्याच्या गोळीकडील अंगास चरबी लावीत. त्या उठावाचीं कारणें अनेक होतीं. तथापि ज्या ठिणगीनें भडका झाला ती काडतुसाच्या वेष्टनाची होती, हें विसरतां येत नाहीं. कोश कशाचा करावा हा कारखान्यांतला प्रश्न लोकांच्या धर्मभावनेपर्यंत जाऊन पोंचला, असें हें उदाहरण आहे.

पुढें मागून भरण्याच्या बंदुका आल्या. १८६६ च्या सुमारास स्नायडर रायफलीकरितां कर्नल बॉक्सर यानें पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी व तळाशीं निराळी चकती असा कोश योजिला. १८७१ सालच्या मार्टिनी-हेन्री रायफलींतही हीच जात चालली. तिचें वैगुण्य उष्ण व धुळीच्या प्रदेशांत उघडकीस आलें. बार उडतांच गुंडाळी कोठीस चिकटे. शिपाई खटका ओढी तेव्हां तळाची चकती निघून येई आणि पत्रा आंतच राही. जानेवारी १८८५ मध्यें सुदानांतील अबू क्लीच्या लढाईंत बंदुका अडल्याची तक्रार झाली. त्यानंतर एकाच पितळी तुकड्यापासून ठशांतून ओढून काढलेला अखंड कोश रूढ झाला.

आपल्या प्रांतीं खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं निघाला. म्हणजे कागदी काडतूस मागें पडून धातूचा कोश पुढें येत होता, त्याच संधिकालांतला तो आहे. जळगांव जिल्ह्यांतील वरणगांवचा कारखाना पुढें १९६४ सालीं उभा राहिला.

४. कोशाचें कार्य

बार उडतो तेव्हां आजच्या लष्करी रायफलीच्या कोठींत दर चौरस इंचास ५०,००० पौंडांच्या आसपास दाब उत्पन्न होतो. त्या क्षणीं कोशास तीन कामें करावीं लागतात. पहिलें, फुगून कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटणें, म्हणजे तप्त वायु मागें येणार नाहीं. दुसरें, दाब उतरतांच पुनः किंचित् आकसणें, म्हणजे भिंत सुटेल. तिसरें, मागील कांठास धरून आंकडा ओढील तेव्हां न फाटतां बाहेर येणें. फुगणें व आकसणें हे परस्परविरुद्ध धर्म एकाच वस्तूनें निमिषार्धांत दाखवावयाचे असतात.

पितळ ह्या कामीं इतकें मान्य कां झालें, याचें कारण तांबटास विचारलें तरी कळेल. पितळी भांडें ठोकीत गेलें कीं तें कठीण होतें. तावून घेतलें कीं पुनः नरम होतें. कोश करणारा हाच गुण वापरितो. तळ कठीण ठेवितो, कारण तेथें आंकड्याचा झटका बसतो. गळा तावून नरम करितो, कारण तेथें फुगणें अवश्य असतें. चांगल्या लष्करी पुंगळीच्या गळ्याशीं निळसर-पिंगट झांक दिसते ती ह्या तावण्याची खूण होय. एकाच वस्तूच्या दोन टोंकांस दोन स्वभाव देतां येणें, ही पितळाची खरी थोरवी.

दुसरा गुण लवचीकपणाचा. पोलादाचा ताठरपणा दर चौरस इंचास सुमारें ३ कोटि पौंड, तर पितळाचा सुमारें १ कोटि ६० लक्ष पौंड. म्हणून दोन्ही धातु सारख्याच बळकटीच्या केल्या तर पितळ पोलादाच्या जवळजवळ दुप्पट मागें आकसतें. कोठीची भिंत सोडण्यास हें आकसणेंच कारण होतें.

५. आपोआप भरणाऱ्या बंदुका

हातानें बोल्ट ओढण्याच्या रायफलींत पुंगळी थोडी अडली तर शिपाई जोर लावितो, तळहातानें ठोकितो. माणसाची बुद्धि व बळ हीं यंत्राच्या साहाय्यास असतात. जेथें प्रत्येक बारास चाप ओढावा लागतो, परंतु पुंगळी फेंकणें व नवें काडतूस आंत घेणें हें काम बंदूक स्वतःच करिते, अशा अर्ध-स्वयंचलित शस्त्रांत तें साहाय्य नाहीं. मागें येणाऱ्या धक्क्याची किंवा नळींतून घेतलेल्या वायूची जी मोजकी शक्ति, तिजमधूनच सर्व कामें उरकावयाचीं. पुंगळीनें थोडाही हट्ट धरिला तर ती शक्ति अपुरी पडते. म्हणून अशा शस्त्राचा भरंवसा म्हणजे पुष्कळ अंशीं त्याच्या पुंगळीचा भरंवसा होय.

महाराष्ट्राच्या इतिहासांत असें शस्त्र ठळकपणें दिसतें तें नाशिकच्या प्रकरणांत. लंडनहून सावरकरांनीं चतुर्भुज अमीन याच्या पेटींतून वीस ब्राउनिंग पिस्तुलें धाडलीं. त्यांपैकींच एकानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यानें नाशिकच्या नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यास मारिलें. संशोधकानें येथें एक भेद ध्यानीं ठेवावा. फिरत्या चक्राच्या रिव्हॉल्व्हरांत रिकाम्या पुंगळ्या चक्रांतच राहतात व मारणाऱ्याबरोबर निघून जातात. आपोआप भरणारें पिस्तूल प्रत्येक बारागणिक आपली पुंगळी जागेवर टाकितें. तें शस्त्र आपल्या कृत्याची नोंद स्वतःच मागें ठेवितें.

६. पोलाद व इतर द्रव्यें

तांबें व जस्त महाग, आणि युद्धकाळीं दुर्मिळ. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें ह्या टंचाईमुळें पोलादी कोश मोठ्या प्रमाणावर काढले. पोलाद गंजतें व कोठीच्या भिंतीस अधिक घासतें, म्हणून त्यास रोगणाचा लेप देत. रशियानेंही ७.६२ मिलिमीटरच्या १९४३ सालच्या लघु काडतुसास पुढें पोलादी कोश दिला. कांहींवर रोगण, कांहींवर तांब्याचा पातळ मुलामा असे. परंतु त्या कोशाचा आकार पुढें स्पष्टपणें निमुळता आहे. निमुळती वस्तु केसभर मागें सरली कीं सर्व बाजूंनीं सुटते. त्या काडतुसासाठीं केलेली १९४७ च्या नमुन्याची कलाश्निकोव्ह रायफल पोलादी पुंगळी निमूटपणें फेंकिते, याचें मोठें कारण हा आकार व यंत्रांतील ऐसपैसपणा हें आहे.

उलटपक्षीं ५.५६ मिलिमीटरचा कोश जवळजवळ सरळ भिंतीचा आहे. अशा कोठींत पोलादी कोश घातला म्हणजे दोन दोष संभवतात. तो पितळाइतका सहज फुगून भिंतीस मिळत नाहीं, म्हणून धूर मागें येऊन काजळी सांचते. आणि फुगल्यावर पितळाइतका आकसत नाहीं. रोगण वितळून कोठींत चिकटतें, असें सामान्यतः बोलतात. पण ह्या दोन दोषांकडे दृष्टि दिली तर तेवढी कल्पना करण्याची गरज उरत नाहीं. ॲल्युमिनियमचे कोश हलके. पण कोठें फट पडली तर तप्त वायु तेथून मार्ग काढून धातूच जाळितो, म्हणून रायफलींत ते रुळले नाहींत. कमी दाबाच्या पिस्तुलांत मात्र चालतात.

तथापि द्रव्य एकटेंच दोषी धरूं नये. व्हिएतनामच्या युद्धांत १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेच्या एम्-१६ रायफली पुंगळी न निघाल्यामुळें अडत. आणि त्या पुंगळ्या पितळीच होत्या. दारूची जात पालटली होती, कोठीस क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेंत ती गंजे, आणि सफाईचें साहित्य शिपायांस पुरेसें मिळालें नव्हतें. मुलामा व सफाई यांची तजवीज होतांच दोष पुष्कळसा हटला. तात्पर्य, कोश, कोठी व दारू हें एक त्रिकूट आहे. त्यांपैकीं एकाचा न्याय दुसऱ्या दोहोंस विचारल्यावांचून करितां येत नाहीं.

७. दंतकथा व पुंगळ्या

अशा न्यायाचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील आहे. २५ जून १८७६ रोजीं लिट्‌ल बिगहॉर्न नदीकांठीं कस्टर हा सेनानी आपल्या तुकडीसह मारला गेला. त्यांच्या बंदुकांचे कोश तांब्याचे व मऊ होते. ते कोठींत अडकले म्हणून शिपाई मेले, अशी समजूत शंभर वर्षें चालली. १९८३ सालीं त्या माळावरील गवत वणव्यानें जळालें व जमीन उघडी पडली. पुढील वर्षापासून शास्त्रशुद्ध शोध होऊन पुंगळ्या जागच्या जागीं नोंदून उचलण्यांत आल्या. सुईच्या ठशांवरून एकेक बंदूक ओळखली गेली. तिचा धनी माळावर कसा हलला तेंही लागलें. जबरदस्तीनें उपसल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या शेंकडा पांचांहूनही कमी निघाल्या. कोश अडत होते हें खरें. त्यामुळेंच पराभव झाला हें मात्र टिकलें नाहीं. पुंगळ्यांनीं कथा खोडून काढली नाहीं, तिला तिच्या मापांत आणिलें.

८. पावसाळा, पागा व पितळ

आतां पितळाच्या एका अशा वैऱ्याकडे वळूं, ज्याची ओळख हिंदुस्थानांतच झाली. इंग्रजी सैन्य पावसाळ्यांत मोहिमा थांबवी व काडतुसें घोड्यांच्या पागेंत ठेवी. हवा उघडल्यावर पाहावें तों पुष्कळ कोशांस, विशेषतः जेथें गळा गोळीवर आवळलेला असे तेथें, चिरा पडलेल्या असत. बार झालेला नाहीं, आघात नाहीं, आणि चीर मात्र आहे. ऋतूवर पडणाऱ्या म्हणून इंग्रजींत तीस ‘सीझन क्रॅकिंग’ हेंच नांव पडलें. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं तिचें कारण उलगडलें. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया, म्हणजे नवसागराच्या जातीचा उग्र वायु, उत्पन्न होतो. आणि ठशांतून ओढलेल्या पितळांत ताण कोंडलेला असतो. दमट हवेंत हे दोन एकत्र आले कीं पितळाच्या कणाकणांमधील सांधे उकलतात. उपाय सोपा निघाला : ओढून झाल्यावर कोश मंद आंचेवर तावून आंतला ताण काढावा, आणि पागेपासून दूर ठेवावा.

९. झरी येथील पुंगळी

आतां प्रस्तुत वस्तूकडे येऊं. पुंगळी पितळी असून लोहचुंबक तीस लागत नाहीं. लांबी सुमारें सव्वादोन इंच, तळाचा कांठ बाहेर उठावदार, टोपीवर सुईचा एकच ठसा. हें माप .३०३ काडतुसाचें आहे. तें वापरणारी शिपायाची नेहमींची रायफल म्हणजे हातानें बोल्ट ओढण्याची ली-एन्फील्ड. ब्रेन व व्हिकर्स ह्या मशीनगनाही तेंच खात. म्हणून ‘आपोआप भरणारी बंदूक’ हें हकीकतींतलें वाक्य ह्या पुंगळीवरून सिद्ध होत नाहीं.

तळावर कारखान्याची खूण व सालाचे आंकडे असावयास हवेत. एखाद्या सनदेवरील शिक्का व मिति यांचें जें मोल, तेंच त्यांचें. परंतु घरच्या मंडळींनीं दर दिवाळीस देवाच्या उपकरण्यांबरोबर ही पुंगळीही चिंचेनें घासली, त्यामुळें अक्षरें झिजून गेलीं आहेत. भक्तीनें केलेल्या ह्या कृत्यानें पुरावा मात्र पुसला.

राहिली चीर. पुंगळी कोठींत अडली असती तर कांठ वांकला किंवा फाटला असता. येथें तो शाबूत आहे. शिवाय केवळ गळ्याशीं पडलेल्या चिरेमुळें पुंगळी सहसा अडत नाहीं, कारण तिला धरून ठेवणारें अंग मागचें. बार उडतांना चीर पडली असती तर तिच्या कडांस काजळी दिसली असती. घासण्यामुळें तीही साक्ष गेली. मग मीं विचारलें, ही वस्तु इतकीं वर्षें ठेविली कोठें? उत्तर आलें, गोठ्याच्या भिंतींतील दिवळींत. घरांत मुलांच्या हातीं लागेल म्हणून. पागेंत जें घोड्यांच्या मुतानें होतें तें गोठ्यांत गुरांच्या मुतानें होण्यास अडचण नाहीं. ह्यावरून माझें अनुमान असें कीं, ही चीर बंदुकीची नसून गोठ्याची आहे.

१०. निष्कर्ष

आजोबा वांचले हें खोटें, असा ह्याचा अर्थ नव्हे. बंदूक दुसऱ्या अनेक कारणांनीं अडूं शकते, आणि घराण्याची स्मृति हेंही एक साधन आहे. इतकेंच कीं, ही चीर त्या स्मृतीची साक्ष म्हणून उभी करितां येत नाहीं. कथा कथेच्या जागीं, सांगणाराचें नातें व सांगितल्याची तारीख घालून, लिहून ठेवावी. वस्तूचें वर्णन वस्तूच्या जागीं असावें. दोहोंचें एकच टिपण केलें कीं पुढील संशोधकास दोन्ही निरुपयोगी होतात.

संग्राहकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. पुंगळी सांपडेल ती जागा, खोली व दिशा यांसह आधीं नोंदावी, मग उचलावी. चिंच, लिंबू, राख यांनीं घासूं नये. जुनी कांजीची परीक्षा तर मुळींच करूं नये. तळावरील अक्षरांचा, टोपीवरील ठशाचा व कांठावरील आंकड्याच्या खुणेचा फोटो घ्यावा. तांबूस दिसली तरी चुंबक लावून पाहावा, मुलाम्याखालीं पोलाद असूं शकतें. पोलादी पुंगळी आपल्या काळ्या जमिनींत गंजून लवकर नष्ट होते, पितळी हिरवी पडून टिकते. म्हणून पोलादी सांपडली नाहीं एवढ्यावरून ती नव्हतीच, असें म्हणूं नये. ठेवण्याची जागा कोरडी व गोठ्यापासून दूर असावी. आणि जिवंत काडतूस हातीं आलें तर संग्रहाचा मोह धरूं नये. १९५९ च्या शस्त्र-अधिनियमान्वयें परवान्यावांचून तें बाळगणें अपराध आहे. त्यास हात न लावितां पोलिसांस कळवावें.

हा निर्णय मीं त्या गृहस्थांस छापण्यापूर्वींच वाचून दाखविला. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. नंतर पुंगळी फडक्यांत बांधीत त्यांनीं एवढेंच विचारलें, “आतां हिला ठेवूं कोठें?” मीं त्यांस कागदांच्या रुमालाशेजारीं, पण निराळ्या डबींत ठेवावयास सांगितलें, आणि आजोबांची हकीकत त्यांच्याच तोंडून त्याच बैठकींत लिहून घेतली. ती आतां त्या रुमालांत आहे.